आप्पा सांबरे आणि नको ते आवाज

एका जंगलात, मुलांनो, सांबरांचा एक मोठा कळप राहत होता, आणि त्या कळपात ऐकण्याचं काम एकट्या आप्पांकडे होतं.

बाकीच्यांनी चरायचं, आप्पांनी ऐकायचं. कुठे पाचोळा वाजला, कुठे काडी मोडली, की आप्पा मान वर करायचे, पुढचा खूर जमिनीवर आपटायचे आणि अशी खणखणीत हाक द्यायचे की टेकडीपलीकडच्या भेकरांच्याही तोंडातला घास खाली पडायचा. कळप पळायचा. बिबट्या उपाशी घरी जायचा.

आता तुम्ही विचाराल, कान तर सगळ्यांनाच होते, मग एकट्यानेच का ऐकायचं? मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात. ऐकणारा एक जण नेमला, की बाकीच्यांना ऐकावं लागत नाही. मोठी माणसं याला व्यवस्था म्हणतात.

पुढे आप्पांचं वय झालं. कान होते तेवढेच राहिले, सुपासारखे, पण त्यांत पडणारा आवाज कमी कमी होत गेला. आप्पांना हे कळलं नाही असं नाही. पण त्यांचं मत वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, हल्ली सगळे पुटपुटतात.

"स्पष्ट बोलायची पद्धतच राहिली नाही," ते म्हणायचे. "आमच्या वेळी पाचोळासुद्धा स्वच्छ वाजायचा."

त्यांची बायको चंद्राक्का शेजारीच चरत असायची. ती म्हणायची, "अहो, तुम्हाला कमी ऐकू येतंय."

"ऐकू येतं मला," आप्पा म्हणायचे. "माझं लक्ष नव्हतं."

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी आप्पा पाणवठ्यावर पाणी पीत असताना पलीकडच्या काठावर बिबटेसाहेब येऊन बसले. त्या भागातले बिबटे ते हेच. स्वभावाने शांत, बोलणं हळू, वागणं रीतसर. हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या. मग बिबटेसाहेब म्हणाले, "आप्पा, उद्या आम्ही घरची मंडळी तुमच्याकडे जेवायला येऊ म्हणतो. चालेल ना?"

आप्पांना ऐकू आलं, 'देवाला येऊ म्हणतो.' कळपाच्या माळावर शेंदूर फासलेला एक दगड होता. लांबलांबची जनावरं तिथे नवस बोलायला येत. आप्पांना त्याचा अभिमान होता.

"अहो, विचारता काय?" आप्पा म्हणाले. "अवश्य या. सहकुटुंब या."

"तुम्हाला अडचण नको, म्हणून विचारलं."

"अडचण कसली? सकाळी लवकर या, म्हणजे गर्दी नसते. सगळं निवांत होईल."

बिबटेसाहेबांना भरून आलं. इतकं अगत्य त्यांना आयुष्यात कुणी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बायकोमुलांसह आले. आप्पांनी मान लववून नमस्कार केला आणि दगडाकडे जायची वाट दाखवली. त्यात आप्पांचा मुलगा यशवंता याचा साडू गेला. साडू अंगाने भरलेला होता. मंडळींना पुरला.

संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली कळपाची सभा भरली. आप्पा मधोमध उभे होते. त्यांची मान खाली होती.

"मी त्यांना देवाला या म्हणालो होतो," ते म्हणाले.

"ते जेवायला म्हणाले होते, आप्पा," यशवंता म्हणाला. "मी तुमच्या मागेच उभा होतो. मी स्वच्छ ऐकलं."

"मग तू का नाही बोललास?"

"ऐकायचं काम तुमच्याकडे आहे."

हे सगळ्यांना मान्य करावं लागलं, कारण ते बरोबर होतं. साडूची बायको तेवढी हुंदके देत होती. ते आप्पांना ऐकू येत नव्हते, पण दिसत होते. एरवी आप्पांनी लक्ष नव्हतं म्हणून सांगितलं असतं. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "मला कमी ऐकू येतं." आणि चंद्राक्काकडे वळून म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या."

जंगलात कानांच्या डॉक्टर म्हणजे घुबडेबाई. वडाच्या ढोलीत त्यांचा दवाखाना. दिवस कलला की उघडायचा. घुबडेबाईंच्या स्वतःच्या कानांबद्दल असं सांगत, की मातीखालचा उंदीर कूस बदलतो तेही त्यांना कळतं.

त्यांनी आप्पांना ढोलीसमोर बसवलं. "मी बारीक-मोठे आवाज काढीन. आवाज आला की शेपटी हलवा."

आप्पा हुशार. त्यांनी बाईंच्या चोचीवर नजर ठेवली. चोच हलली की शेपटी हलवायची. तपासणी फार छान चालली होती. मग बाईंना जांभई आली, आणि आप्पांनी शेपटी हलवली.

घुबडेबाई उडून आप्पांच्या पाठीमागे जाऊन बसल्या. त्यानंतर आप्पांची शेपटी बराच वेळ हलली नाही. चंद्राक्का बाजूला उभी होती. तिला ते बघवेना.

"जाडे आवाज येतात," घुबडेबाई पुढे येऊन म्हणाल्या. "बारीक आवाज गेलेत."

"पण वाघाची डरकाळी मला चांगली ऐकू येते," आप्पा म्हणाले.

"डरकाळी फोडत कुणी शिकारीला येत नाही, आप्पा. येतो तो पाचोळ्यावरून दबकत येतो. तुम्हाला तो पाचोळा ऐकू यायला हवा."

मग त्यांनी दोन मशीनं काढली. तपकिरी रंगाची, कानामागे अडकवायची. दिसायला साधी.

"दोन्ही कानांना घाला. एकाच कानाला घातलं तर आवाज येईल, पण कुठून आला ते कळणार नाही. मग तुम्ही पळाल ते बिबट्याच्याच दिशेने. सुरुवातीला त्रास होईल. सगळं जंगल कानात शिरल्यासारखं वाटेल. काढून ठेवू नका. सवय झाली की परत या, मी आवाज जुळवून देते."

आप्पांनी मशीनकडे पाहिलं. "हे लोकांना दिसेल."

"दिसेल."

"न दिसणारं नसतं का?"

"असतं. कानात खोल बसतं. तुमच्या खुरांनी ते काढता-घालता येणार नाही, आणि तुमचे कान जेवढे गेलेत त्याला त्याची ताकद पुरणार नाही. आणि आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही हे साऱ्या जंगलाला दिसतंच आहे. त्यापेक्षा मशीन दिसलेलं बरं."

आप्पांना हे झोंबलं. पण मशीन घालून ते दवाखान्यातून निघाले, आणि वाटेत जागच्या जागी थांबले.

पानं वाजत होती. वाऱ्याची एक झुळूक झाडावरून कशी सुरू होते आणि कुठे संपते, तेसुद्धा कळत होतं. ओढा बडबडत होता. शेजारी चंद्राक्का चालता चालता काहीतरी गुणगुणत होती.

"तू गाणं म्हणतेस?" आप्पांनी विचारलं.

"रोजच म्हणते," चंद्राक्का म्हणाली.

आप्पांनी मान दुसरीकडे वळवली.

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं. पण आप्पांना आता सगळं ऐकू येऊ लागलं होतं, आणि सगळ्यात सगळं येतं.

पहिल्या आठवड्यातच पाचोळा वाजला. आप्पांनी खूर आपटून हाक दिली. कळप पळाला. दोन दिवसांनी करवंदीच्या जाळीत काडी मोडली. पुन्हा हाक, पुन्हा पळापळ. मग भर दुपारी, सगळे रवंथ करत बसलेले असताना, पुन्हा. दरवेळी बिबटेसाहेब जाळीतून बाहेर यायचे, रिकाम्या माळाकडे पाहायचे आणि निमूट परत जायचे. त्यांची मुलं रोड झाली.

त्या दिवसांत कळपातलं कुणीही गेलं नाही.

आणि म्हणूनच कळपात कुरबूर सुरू झाली.

"सारखं काय पळायचं?" कुणी म्हणालं. "बिबट्या होता कशावरून? कुणाला धरलं का त्याने? एकालाही नाही."

"साडू गेला तेव्हा निदान खरा बिबट्या आला होता," दुसरा म्हणाला. "आता नुसतीच पळापळ."

ही कुजबूज माळाच्या दुसऱ्या टोकाला चालायची. पण आप्पांना ती ऐकू यायची. एकदा तर यशवंता आपल्या बायकोला म्हणाला, "आप्पांना कमी ऐकू यायचं तेव्हा घरात किती शांतता होती." आणि सून म्हणाली, "हळू बोला. म्हाताऱ्याच्या कानाला ते भूत लावलंय."

आप्पा तिथेच, झुडपाच्या पलीकडे होते. ते ऐकायला नको होतं असं त्यांना वाटलं. मग असंही वाटलं, की मशीन नसतं तर ऐकायला लागलंच नसतं. हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा जास्त वेळ मनात राहिला.

त्यात पाचोळ्याचा वैताग. पाचोळा काही फक्त बिबट्याच्या पायाखाली वाजत नाही. सरड्याच्या, मुंगसाच्या, वाऱ्याच्या, आप्पांच्या स्वतःच्याही पायाखाली वाजतो. दिवसभर कानात नुसती कुरकुर. घुबडेबाईंनी सांगितलं होतं, सवय होईल, परत या, जुळवून देते. पण घुबडेबाईंकडे जायचं म्हणजे पुन्हा तेच खरं-खरं ऐकायचं. आप्पा टाळत राहिले.

अशा वेळी, मुलांनो, दुकान आपणहून दारात येतं. साळुंकेबाई एका दुपारी मोहाच्या झाडावर येऊन बसल्या. जांभळीच्या ढोलीत त्यांचं मशीनचं दुकान होतं. आवाज गोड, चोच पिवळी, बोलणं न थांबणारं.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "हे काय कानामागे अडकवलंय? लांबून मला वाटलं गोचिड्या चिकटल्या. आमच्याकडचं बघा."

त्यांनी पानावर काहीतरी ठेवलं. आप्पांना ते दिसलंच नाही.

"दिसत नाही ना? तीच तर त्याची खुबी. आणि बाजारातली मशीनं सगळेच आवाज मोठे करतात. तुम्हाला सगळे आवाज कशाला हवेत? आमचं मशीन नको ते आवाज गाळतं."

"नको ते म्हणजे कोणते?" आप्पांनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. गिऱ्हाइकाच्या आवडीवर आहे."

हे ऐकून सगळा कळप गोळा झाला. साडू गेला तेव्हासुद्धा इतकी गर्दी जमली नव्हती. मशीन आप्पांचं होतं, पण आवाज गाळायची यादी जो तो आपापली सांगू लागला.

तरणे नर म्हणाले, "आम्ही शिंगं घासतो, तो आवाज गाळा. आप्पा सारखे दटावतात."

सून म्हणाली, "कुजबूज गाळा. घर म्हटलं की थोडी कुजबूज असतेच. ती वडीलधाऱ्यांनी ऐकू नये."

यशवंता म्हणाला, "झाडावरचा वानर उगीच खोकत असतो. तो गाळा. आप्पा त्यालाही इशारा समजतात."

"आणि तुम्हाला काय नको, आप्पा?" साळुंकेबाईंनी विचारलं.

आप्पा जरा थांबले. "पाचोळा," ते म्हणाले. "दिवसभर डोकं उठतं."

चंद्राक्का इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे आली.

"पाचोळा गाळू नका," ती म्हणाली. "पाचोळ्यासाठीच तर मशीन घेतलं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? आणि वानर खोकत नाही, तो सांगत असतो. ऐका माझं, एकदा त्यांच्याकडे जाऊन या. त्या जुळवून देतील."

साळुंकेबाईंनी यशवंताकडे पाहिलं.

"किरकिरही गाळता येते का?" यशवंताने विचारलं.

"सगळ्यात आधी," साळुंकेबाई म्हणाल्या, आणि चंद्राक्काचं बोलणं संपायच्या आत त्यांनी मशीन आप्पांच्या कानात सरकवलंसुद्धा.

आप्पांना चंद्राक्काची मान हलताना दिसली. तोंड हलताना दिसलं. आवाज मात्र आला नाही. कानात एकदम गार, मऊ शांतता पसरली, दाट सावलीत बसल्यासारखी.

"आप्पा," साळुंकेबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे हा कळप आहे. ऐकू आलं?"

"स्वच्छ ऐकू आलं," आप्पा म्हणाले.

कळपाने समाधानाने माना डोलावल्या. सर्वांना मान्य होईल असं मशीन जंगलात पहिल्यांदाच मिळालं होतं.

आणि खरोखरच, मुलांनो, पुढचे दिवस फार सुखात गेले. पळापळ थांबली. दुपारची झोप पुरी होऊ लागली. आप्पा मधोमध उभे राहायचे, मान ताठ, कान ताठ. कुणी जवळ येऊन "आप्पा, तुम्ही आहात म्हणून आम्ही निश्चिंत आहोत" असं म्हटलं, की ते अगदी लख्ख ऐकू यायचं. आप्पांचा चेहरा उजळला. मशीन सोसतं आहे असं सगळे म्हणाले.

अधूनमधून कळपातलं एखादं कमी दिसायचं. पण आरडाओरडा झालेला नसायचा, त्यामुळे काही झालं असेल असं वाटायचं नाही. कुणी म्हणायचं, माहेरी गेली असेल. कुणी म्हणायचं, तो तसाही भटक्याच होता. बिबटेसाहेबांची मुलं पुन्हा अंगाने भरली. साहेब स्वतः येता-जाता आप्पांना नमस्कार करायचे, आणि आप्पाही करायचे. संबंध सुधारले होते.

फक्त चंद्राक्का स्वस्थ नव्हती. ती रोज माळावर कोण कोण दिसतं ते पाहायची. मग आप्पांजवळ जाऊन सांगायची. वानर वरून केव्हापासून ओरडतोय, जाळीशी रक्त पडलंय, सुनेचं पाडस काल परत आलं नाही. आप्पा प्रेमाने तिच्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. त्यांना वाटायचं, गाणं म्हणत असेल. हल्ली ऐकू येत नाही खरं, पण म्हणत असेल.

घुबडेबाईंनी दिलेली जुनी मशीनं दगडामागे धूळ खात पडली होती. एका संध्याकाळी चंद्राक्काने ती तोंडात धरली आणि वड गाठला. घुबडेबाईंनी तिचेही कान तपासले. गेल्या काही वर्षांत तिलाही कमी ऐकू येऊ लागलं होतं. पण तिचे कान तपासावेत असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं. घुबडेबाईंनी ती मशीनं तिच्या कानांना जुळवून दिली. चांगली दिसत होती ती कानामागे. चंद्राक्काने ती लपवली नाहीत.

दुसऱ्या सकाळी तिने सगळ्यांना सांगितलं, "मी ओढ्यापलीकडे चालले. ज्यांना यायचं असेल त्यांनी चला. तिकडे मी ऐकेन, पण तुम्हालाही ऐकावं लागेल."

यशवंता आला नाही. सून आली, कारण पाडस गेल्यापासून तिला कुजबूज करावीशी वाटत नव्हती. साडूची बायको आली. आणखी काही माद्या आल्या.

निघण्याआधी चंद्राक्का आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. परत परत म्हणाली. तिचा आवाज शेवटी फाटला. आप्पा हसले आणि त्यांनी मान हलवली. ती हो होती की नुसतीच हललेली मान, हे कळायला मार्ग नव्हता. ते जागचे हलले नाहीत. चंद्राक्का थोडा वेळ थांबली आणि मग वळून गेली.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत.

एका दुपारी आप्पा जांभळीच्या ढोलीपाशी आले. चेहरा काळजीचा होता.

"बाई," ते म्हणाले, "मशीन बिघडलेलं दिसतंय. चरण्याचा आवाज येत नाही. खुरांचा येत नाही. चांगलं बोलणारं कुणी बोलतं, तेही हल्ली ऐकू येत नाही. यशवंता काही म्हणत असेल, तर त्याचाही आवाज नाही."

साळुंकेबाईंनी मशीन काढून घेतलं, फुंकर मारली, चोचीने पुसलं. मग उडून वर शेंड्यावर गेल्या आणि तिथून माळाकडे पाहिलं. माळावर गवत कमरेइतकं वाढलं होतं. ते खायला कुणी नव्हतं.

त्या खाली आल्या. मुलांनो, साळुंकेबाई कधी नव्हे त्या क्षणभर गप्प होत्या. पण दुकानदाराला फार वेळ गप्प बसता येत नाही.

"मशीन उत्तम आहे, आप्पा," त्या म्हणाल्या. "काहीही बिघाड नाही. आता गाळायला काही उरलं नाही, एवढंच."

आप्पांनी मोठा सुस्कारा टाकला. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांनी मशीन पुन्हा कानात बसवून घेतलं, बाईंचे आभार मानले आणि सागाच्या झाडांमधून माळाकडे निघाले. झाडांखाली वाळक्या पानांचा जाड थर होता. तो त्यांच्या पायांखाली वाजत होता, आणि त्यांच्यामागून चालणाऱ्याच्याही.

तात्पर्य: कानाचं मशीन घेताना डॉक्टरच्या नादी लागू नये. कानाला सुख वाटेल आणि चार लोकांना पसंत पडेल, असंच मशीन निवडावं. ऐकू येणाऱ्याला फार पळावं लागतं. ओढ्यापलीकडची सांबरं अजून पळतात, आणि त्यांची दुपारची झोप नीट होत नाही, असं बिबटेसाहेब फार कळकळीने सांगतात.